शेगडी देग पाहून नव्हे, पाणी पाहून घ्या

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अत्तार आडनावाचे घर बहुतेक प्रत्येक बाजाराच्या गावात सापडते. आडनाव राहिले, पण अत्तर काढण्याचा धंदा बहुतेक घरांतून गेला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात, गावोगावच्या जत्रांत आणि आठवडी बाजारांत अत्तर, सुरमा, अगरबत्ती आणि बुक्का विकणारे आपले बंधू आजही बसतात. त्यांच्या पेटीतल्या बाटल्या मात्र बाहेरून आलेल्या असतात. आपला अत्तार आज माल विकणारा आहे, माल काढणारा नाही.

अलीकडे आमच्या पाहण्यात काही तरुण आणि काही घरच्या भगिनी पुन्हा या कामाकडे वळलेल्या आल्या. कोणी गुलाबपाणी काढतो, कोणी वाळ्याचा अर्क, कोणी गवती चहाचे तेल. तांब्याची देग, एक नळी आणि पाण्यात बसवलेले दुसरे भांडे एवढ्या सामानावर परसात काम सुरू होते. या मंडळींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. आजचा लेख त्यांच्यासाठीच आहे आणि विषय एकच आहे: देगेखाली गॅसची शेगडी कोणती लावावी?

विषय किरकोळ वाटेल. पण गेल्या दोन वर्षांत आम्ही जी तीन-चार घरगुती कामे बंद पडलेली पाहिली, त्यांतली निम्मी शेगडीपायी बंद पडली. फुले वाईट नव्हती, गिऱ्हाईकही होते. जाळ चुकला.

कराडजवळच्या एका गावातले उदाहरण सांगतो. एका तरुणाने साठ लिटरची देग घेतली. शेगडी घ्यायला गेला तेव्हा दुकानदाराने हलवायाची हाय प्रेशर भट्टी पुढे केली. "देग एवढी मोठी, तर जाळही मोठाच हवा," असे सांगितले. त्यालाही ते पटले. पहिल्या दिवशी २० लिटर पाणी आणि १० किलो गुलाब घातले. पाऊण तासाच्या आत उकळी आली. वाफ नळीतून धावू लागली, तासाभरात पाण्याचे पिंप हाताला चटका बसेल इतके तापले आणि भपक्याच्या तोंडातून वाफ बाहेर पडू लागली. सारी गल्ली गुलाबाने दरवळली, शेजारी येऊन वास घेऊन गेले. त्याची दादी दारात बसली होती. ती एवढेच म्हणाली, "बेटा, गल्ली तो महक गई, शीशी में क्या आया?"

बाटलीत करपट वासाचे पाणी आले होते. दादीने जे विचारले त्यातच या धंद्याचे सारे गणित आहे. काम चालू असताना घर दरवळले म्हणजे माल वाया गेला असे समजावे. सुगंध भांड्यातून बाटलीत गेला पाहिजे, हवेत नव्हे.

भपका म्हणजे काय

उत्तर प्रदेशातील कनौज हे अत्तराचे गाव. तेथल्या अत्तराला २०१४ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले आणि सुगंधाच्या धंद्यासाठी केंद्र सरकारने स्थापन केलेले केंद्रही १९९१ पासून तेथेच आहे. कनौजचे कारागीर ज्या पद्धतीने काम करतात तिला देग-भपका म्हणतात. देगेत फुले आणि पाणी असते. झाकण मातीने लिंपून बंद करतात. बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, वाफ भपक्यात जाते. भपका हे लांब मानेचे तांब्याचे भांडे थंड पाण्याच्या हौदात बसवलेले असते. अत्तर करायचे असेल तर त्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांचा सुगंध ते तेल धरून ठेवते. गुलाबपाणी करायचे असेल तर भपका रिकामा ठेवतात आणि जे पाणी जमते तोच माल.

मराठीत भपका या शब्दाचा अर्थ निराळा आहे हे आपण जाणतोच. डामडौल, वरवरचा थाट म्हणजे भपका. आमच्या तरुणाची शेगडी त्या अर्थाची होती.

कनौजला देगेखाली लाकूड आणि शेणी जाळतात. तेथला अनुभवी माणूस भपक्याला हात लावून काम कुठवर आले ते ओळखतो आणि जाळ वाढला तर लाकूड मागे ओढतो. भपका बदलायचा असेल तेव्हा देगेवर ओले फडके फिरवून उकळी थांबवतो. म्हणजे त्याचे निम्मे कौशल्य जाळ आवरण्यात आहे. आपल्याकडे गुऱ्हाळावर हेच दिसते. चुलवाणात चिपाड सारणाऱ्याने गुळव्याचे ऐकले नाही तर काहिलीतला गूळ काळा पडतो. गॅसच्या शेगडीत लाकूड मागे ओढण्याचे काम चावी करते. म्हणून शेगडी घेताना तिचा जाळ किती मोठा होतो हे पाहू नये. तो किती बारीक होतो आणि बारीक असताना किती स्थिर राहतो ते पाहावे.

हिशेब पाण्याचा

आता थोडा हिशेब करू. कारागीर बंधूंनी कंटाळू नये; हा हिशेब एकदा केला की दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबावे लागत नाही.

एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र लिटरमागे सुमारे ५४० लागतात. वरच्या उदाहरणात २० लिटर पाणी आणि १० किलो फुले आहेत. फुलातही बहुतांश पाणीच असते, म्हणून ३० लिटर धरू. ते २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ३० गुणिले ७५, म्हणजे २,२५० किलोकॅलरी. त्यातून ८ लिटर गुलाबपाणी उतरवायचे तर ८ गुणिले ५४०, म्हणजे ४,३२०. एकूण ६,५७०.

एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,९०० किलोकॅलरी असतात. पण ती सगळी देगेला मिळत नाही. घरगुती शेगडीला भारतीय मानकाप्रमाणे निदान ६८ टक्के उष्णता भांड्याला द्यावी लागते. ती चाचणी सपाट पातेल्यावर, बंद जागेत होते. आपली देग परसात, वाऱ्यात असते, म्हणून ५० टक्के धरावे. त्या हिशेबाने एका घाण्याला सुमारे १.२ किलो गॅस लागतो. मोठ्या भट्टीचा जाळ देगेच्या बुडाबाहेर पसरतो, बाजूने वर जातो आणि आकाश तापवतो. तेथे ३० टक्के उष्णता हाती लागली तरी पुष्कळ. मग त्याच घाण्याला २ किलो गॅस लागतो. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये पहिल्या शेगडीवर १५ घाणे निघतात, दुसरीवर ९. शंभर घाण्यांमागे ८० किलो गॅसचा फरक पडतो, म्हणजे चार सिलिंडर फुकट. सिलिंडर ज्या दरात आणला त्याला १९ ने भागून हा तोटा प्रत्येकाने आपल्या वहीत मांडावा.

पण गॅसचा तोटा हा लहान तोटा आहे. मोठा तोटा पुढे आहे. वाफ करायला जितकी उष्णता घातली तितकी ती परत पाणी करताना काढून घ्यावी लागते. वाफेचे पाणी होऊन ते कोमट होईपर्यंत लिटरमागे सुमारे ६०० किलोकॅलरी बाहेर पडतात. त्या कुठे जातात? हौदातल्या पाण्यात.

ताशी २ लिटर अर्क उतरवला तर हौदात ताशी १,२०० किलोकॅलरी जातात. दोनशे लिटरचे पिंप असेल तर पाणी तासाला ६ अंश तापते. चार तासांच्या घाण्यात २५ अंशांचे पाणी ४९ अंशांवर जाते. हे सोसण्यासारखे आहे. मध्ये एकदा निम्मे पाणी बदलले की काम भागते. आमच्या तरुणाची भट्टी ताशी किलोभर गॅस जाळत होती. त्या जाळावर ताशी ६ लिटर वाफ होते आणि तेच पिंप तासाला १८ अंश तापते. दुसऱ्या तासाला हौद थंड करण्याच्या कामाचा राहत नाही. शिवाय भपक्याच्या पत्र्यातून ठराविक वेगानेच उष्णता बाहेर जाते. वाफ त्याहून वेगाने आली तर थंड पाणी असूनही ती पाणी न होता निसटते. आधी निसटतो तो सुगंधच.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की शेगडी देगेच्या आकारावरून घेऊ नये. आपल्या हौदात किती पाणी आहे आणि भपका तासाला किती वाफ गार करू शकतो, यावरून घ्यावी. वाई, कराड, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या माणसाला पाण्याची चिंता कमी. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव येथल्या माणसाने काय करायचे? तेथे उन्हाळ्यात पिंपातले पाणी मुळातच ३२ अंशांवर असते आणि दोनशे लिटर पाणी ओतून देणे म्हणजे घरातल्यांच्या तोंडचे पाणी ओतून देणे. त्या भागातल्या कारागिराने जाळ आणखी मंद ठेवावा, पहाटे काम करावे आणि तापलेले पाणी टाकून देऊ नये. ४५ अंशांचे पाणी पुढच्या घाण्याला देगेत भरले तर २० लिटरमागे सुमारे ७० ग्रॅम गॅस वाचतो. उरलेले रात्रभर उघड्या हौदात गार होते.

मग शेगडी कोणती

वरच्या हिशेबातून उत्तर आपोआप निघते. उकळी येईपर्यंत जाळ मोठा हवा, म्हणजे ताशी ४०० ग्रॅम गॅस. त्याने तासाभरात उकळी येते. अर्क उतरू लागला की जाळ निम्म्यावर, म्हणजे २०० ग्रॅमवर आणायचा आणि चार तास तिथेच ठेवायचा. पहिल्या तासाचे ४०० आणि पुढच्या चार तासांचे ८०० ग्रॅम मिळून तोच १.२ किलोचा हिशेब येतो.

यासाठी दोन कड्यांची, दोन स्वतंत्र चाव्यांची लो प्रेशर शेगडी उत्तम. सुरुवातीला दोन्ही कडी पेटवावीत आणि उकळीला बाहेरचे कडे बंद करून आतल्यावर काम करावे. ज्याची देग वीस-पंचवीस लिटरचीच आहे त्याला घरगुती मापाचा एक मोठा बर्नरही पुरतो. तो ताशी दीड-दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. उकळीला वेळ लागेल, लागू द्यावा.

दुकानात पुढील गोष्टी पाहाव्यात. पहिली, शेगडी ताशी किती ग्रॅम गॅस जाळते ते विचारावे. दुकानदाराला सांगता आले नाही तर पाटीवर पाहावे. पाटीही नसेल तर ती शेगडी सोडून द्यावी. दुसरी, जाळाचे कडे देगेच्या बुडाच्या आत राहिले पाहिजे. बुडाचा व्यास मोजून सुतळी खिशात घेऊन जावे. तिसरी, शेगडी दुकानातच पेटवून अगदी बारीक करून पाहावी. बारीक केल्यावर जाळ फडफडला, विझला किंवा आत घुसून सूं-सूं वाजू लागला तर ती आपल्या कामाची नाही. चौथी, ज्योत निळी आणि जागेवर बसलेली हवी. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. ती देगेला काजळी धरते. ज्योत बर्नरपासून सुटून वर उडत असेल तर दाब किंवा हवा जास्त आहे. पाचवी, तिवई. पाणी, फुले आणि तांबे मिळून साठ लिटरच्या देगेचे वजन पन्नास किलोच्या पुढे जाते. शेगडीच्या पत्र्यावर ते ठेवू नये. लोखंडी अँगलची वेगळी तिवई आपल्याच वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी आणि शेगडी तिच्याखाली सरकवावी.

एक चूक वारंवार होते. हाय प्रेशरची भट्टी घ्यायची आणि तिला घरचा रेग्युलेटर लावायचा, म्हणजे जाळ आपोआप कमी होईल अशी समजूत असते. तसे होत नाही. घरगुती रेग्युलेटर ठराविक कमी दाबाने गॅस सोडतो आणि हाय प्रेशरचे जेट त्या दाबासाठी बनलेले नसते. मग ज्योत पिवळी, आळशी आणि काजळीची होते. उलट लो प्रेशरच्या शेगडीला हाय प्रेशर रेग्युलेटर लावणे तर सरळ धोक्याचे आहे. बर्नर, जेट, रेग्युलेटर आणि नळी ही चारही एकाच दाबाची असली पाहिजेत.

काही बंधू विचारतात, लाकूड स्वस्त असताना गॅस कशाला? ज्याच्याकडे शेत आहे, मोकळी जागा आहे आणि जाळापुढे पाच तास बसणारा जाणता माणूस आहे, त्याने खुशाल लाकूड वापरावे. मोहल्ल्यात, दाट वस्तीत धूर शेजाऱ्यांना सोसत नाही आणि झाकणाच्या फटीतून धुराचा वास मालात उतरतो. विजेवरही हे काम होते. पण ताशी २ लिटर वाफेला एकाहून अधिक युनिट लागते आणि मध्येच वीज गेली की उकळी मोडते. तीन्ही मार्गांत जाळ आवरण्याचे तत्त्व तेच.

नाकावर विसंबू नका

आता जिवाची गोष्ट. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. घरच्या स्वयंपाकघरात तो वास लगेच कळतो. अत्तराच्या खोलीत मात्र कळेलच असे नाही. पाच तास गुलाबात किंवा गवती चहात बसलेले नाक थकते आणि बारीक गळतीचा वास सुगंधाखाली दबतो. म्हणून आमच्या धंद्याने नाकावर भरवसा ठेवू नये. प्रत्येक घाण्याआधी जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडा आला तर काम सुरू करू नये. काडी ओढून गळती तपासण्याची सवय अजूनही काही जुन्या मंडळींना आहे, ती सोडावी.

गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो. तळघरात किंवा खोलगट जागेत देग लावू नये. जमिनीलगत हवा खेळती हवी. सिलिंडर उभा असावा, जाळापासून दूर असावा, आणि वाऱ्यासाठी पत्रा लावला तर तो देगेभोवती लावावा, सिलिंडरभोवती नव्हे. सुरक्षा शिक्क्याची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. गळती झालीच तर गॅसकंपन्यांचा १९०६ हा तक्रार क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावा.

देगेबद्दलही एक शब्द. झाकण मातीने किंवा कणकेने लिंपण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. नळी तुंबली तर आधी लिंपण फाटते आणि वाफ निघून जाते. काही जण झाकणाला लोखंडी पकडी लावून ते पक्के आवळतात. नळी तुंबली तर अशी देग म्हणजे शिटी नसलेला कुकर. भपक्याचे तोंड कधीही पूर्ण बंद करू नये, फुले नळीत जाऊ नयेत म्हणून देगेचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा आणि फुले बुडाला टेकू नयेत म्हणून खाली छिद्रांची तांब्याची जाळी घालावी. करपट वास तिथूनच येतो. गुलाबपाणी शिरखुर्म्यात किंवा बिर्याणीत जाणार असेल तर देगेला आतून कलई हवी.

कायद्याची बाजू

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर विक्रीच्या मालासाठी वापरणे २००० सालच्या गॅस वितरण आदेशाप्रमाणे बेकायदेशीर आहे. सगळेच वापरतात हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही, आणि अपघात झाला तर विम्यातही चालण्याची आशा नाही. हलाल रोजीची सुरुवात घरगुती सिलिंडरने करू नये. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. ज्याला आधी चार घाणे करून पाहायचे आहेत त्याला ५ किलोचा लहान सिलिंडर मिळतो. वरच्या हिशेबाने त्यात चार घाणे बसतात.

दुसरी बाब नाजूक आहे, पण बोललीच पाहिजे. देग, नळी आणि भपका हेच सामान हातभट्टीलाही लागते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि दारू गाळण्यासाठी भट्टी वा भांडी बाळगणे हाही त्यात गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ साली घरी दारू गाळायला मोकळीक दिली, आणि अशा देशांतून घरगुती भट्टीच्या शेगड्यांची पुष्कळ माहिती आपल्या तरुणांच्या मोबाइलवर येते. ती माहिती आपल्या कामाची नाही. तेथला माल वेगळा, उकळबिंदू वेगळा आणि त्यांची घाई वेगळी. आपल्याला तो माल इथे कायद्याने चालत नाही आणि आपल्या धर्मात तर नाहीच. उलट अत्तरात मद्यार्क नसतो म्हणूनच आपला गिऱ्हाईक ते नमाजाला जाताना लावतो. ही आपली बाजारातली ताकद आहे.

तरीही शेजाऱ्याच्या मनात शंका येऊ शकते. त्यावर उपाय लपवाछपवी नव्हे, उघडपणा आहे. काम दारामागे न करता दिवसा, उघड्या परसात करावे. फुलांच्या खरेदीच्या पावत्या ठेवाव्यात. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून तिचा कागद भिंतीवर लावावा. गुलाबपाणी खाण्यासाठी विकायचे असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि तोंडाला लावण्यासाठी विकायचे असेल तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. बाटली बाजारात नेण्याआधीच अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. काही कारागीर म्हणतात, एवढ्याशा धंद्याला एवढे कागद? आम्ही म्हणतो, धंदा लहान आहे म्हणूनच कागद हवेत. मोठ्याला वकील असतो, लहानाला कागदच वकील.

अपेक्षा किती ठेवावी

जाळ नीट लावला तरी जे फुलात नाही ते बाटलीत येत नाही. गुलाबाचे शुद्ध तेल काढायला अत्तराच्या जातीच्या गुलाबाची साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात तेव्हा एक किलो तेल मिळते. १० किलोच्या घाण्यात ते जेमतेम दोन-तीन ग्रॅम, आणि तेही बहुतेक पाण्यातच मिसळून राहते. तेव्हा घरच्या देगेतून रूह-गुलाब काढून श्रीमंत होऊ, असे स्वप्न कोणी दाखवले तर हसून सोडून द्यावे. घरच्या देगेचा माल गुलाबपाणी आहे. गवती चहात तेल पुष्कळ जास्त असते, तरी ताज्या पातीच्या शंभर किलोला ते अर्ध्या किलोच्या आतच. ज्या दिवशी फुलबाजारात भाव पडतो आणि संध्याकाळी फुले उरतात त्या दिवशी ती घेऊन रात्री न थांबता देगेत घालणे, हाच या धंद्याचा नफा आहे. शिळ्या फुलाला चांगली शेगडीही तारत नाही.

हा हुन्नर आपल्याला परका नाही. नवव्या शतकात अल-किंदी यांनी सुगंध आणि अर्क काढण्याच्या विद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगम यांना दिले आहे. म्हणजे घरातल्या बाईने हे काम करणे नवे नाही. आपल्याच मिरजेत शस्त्रे पारजणाऱ्या शिकलगार घराण्यांनी काळ बदलल्यावर सतार आणि तंबोरा हाती घेतला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार नवा हुन्नर शिकले; अत्तारांना तर आपला जुनाच पुन्हा शिकायचा आहे.

त्यासाठी दोन सूचना करतो. शेगडी विकणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंनी प्रत्येक शेगडीवर ताशी ग्रॅमचा आकडा लावावा आणि देगवाल्याला मोठी भट्टी गळ्यात मारू नये. तो एकदा बुडाला की पुन्हा दुकानात येत नाही. दुसरी सूचना जमातींना आणि पतसंस्थांना. एका माणसाला कर्ज देऊन देग-शेगडी-हौद घ्यायला लावण्यापेक्षा मोहल्ल्यात एक सामायिक देग आणि तिच्या मापाची शेगडी ठेवावी. ज्याला शिकायचे त्याने महिनाभर तीवर घाणे काढावेत, गॅस आणि पाण्याचा हिशेब वहीत लिहावा आणि मगच स्वतःचे भांडवल घालावे.

कराडच्या त्या तरुणाने भट्टी एका केटररला विकली. दोन कड्यांची शेगडी घेतली, शेजारच्याकडून दुसरे पिंप आणले आणि आता तो पहाटेच्या नमाजानंतर देग लावतो. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा देग चालू होती. गल्लीत काही वास नव्हता. दादी तिथेच बसली होती. तिने बाटलीचे बूच काढून आमच्या हातावर दोन थेंब घातले आणि पुन्हा बूच लावले.